बंद पडलेलं यार्ड

"मी कशालाही हात लावलेला नाही," नेहेते काका म्हणाले. "दुपारपर्यंत चालत होता. मग सुरूच होईना. एवढंच."

"अण्णा, दहा दिवस तुम्ही हेच सांगताय," त्यांचा मुलगा पराग म्हणाला.

"खरं असेल ते कितीदा सांगितलं तरी खरंच राहतं ना?"

"मी तुमच्यासमोर गेम काढून टाकला, पुन्हा घातला. तरी तेच. तुम्ही काहीतरी केलंय."

"मी रेल्वेत आयुष्य काढलंय. केलं असतं तर केलं म्हणून लिहून दिलं असतं."

मी पोह्यांची बशी मांडीवर धरून हे ऐकत होते. शेजारी आई बसली होती आणि ती पोहे खात नव्हती, म्हणजे तिला काळजी वाटत होती. दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार. आम्ही दोघी नाशिकहून सकाळच्या गाडीनं भुसावळला घर बघायला आलो होतो. त्यांनी मला महिन्यापूर्वी पाहिलं होतं, पसंती कळवली होती. आता आमच्याकडून उत्तर जायचं होतं. स्टेशनच्या मागच्या बाजूला त्यांचं बैठं घर होतं. आतून वांग्याचं भरीत ठेचल्याचा आवाज येत होता आणि भाजलेल्या मिरचीच्या वासानं सगळ्यांना आळीपाळीनं ठसका लागत होता.

"अहो, ती घर बघायला आली आहे," काकू आतून म्हणाल्या. "तुमचं कॉम्प्युटर बघायला नाही. त्यांना गच्ची दाखवा, विहीर दाखवा."

"विहीर पळून जातेय का?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा मवाळ आवाजात, "उल्का, तुम्हाला यातलं काही कळतं का हो?"

"अण्णा!" पराग म्हणाला.

"विचारायला काय जातं? ही मुलगी यंत्रं तपासते."

ते खरं होतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नाशिकला एका मापांकन प्रयोगशाळेत लागले होते. कारखान्यांतून तापमापक, दाबमापक, काटे यायचे आणि ते खरं बोलतात की खोटं, हे आम्ही सांगायचो. या कामानं मला एक सवय लागली होती, आणि तिचा प्रताप पहिल्याच भेटीत दिसला होता. नाशिकला आमच्या घरी नेहेते मंडळी आली, काकांनी मनगट वर करून "बरोबर अकराला पोचलो" असं म्हटलं, आणि मी चहाचा ट्रे धरून म्हणाले, "काका, तुमचं घड्याळ दीड मिनिट मागे आहे."

आईनं डोळे मिटले होते. पाहुण्यांपुढे मी त्या दिवशी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. काका निवृत्त सेक्शन कंट्रोलर. कुठली गाडी कुठं थांबवायची, कुणाला आधी काढायचं, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी आमच्या रेडिओवर बातम्या लागेपर्यंत वाट पाहिली, वेळेचे टोले ऐकले, आणि काटा दीड मिनिट पुढे सरकवला. "बरोबर," एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर ते काकूंना काय म्हणाले ते मला पुढे कळलं, पण ते नंतर सांगते.

मला एक अट होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. याआधी दोन स्थळांनी मला पाहिलं, मी आवडले, मग पत्रिका पाहिली आणि एकनाड आहे म्हणून नकार आला. दुसऱ्या नकारानंतर आई आठवडाभर माझ्याशी अशा हलक्या आवाजात बोलत होती, की मी आजारी आहे असं वाटावं. तेव्हा मी सांगून टाकलं: आता पत्रिका कुणालाही द्यायची नाही. जे घर ती मागेल, त्या घरात मी जाणार नाही. उघड मागो, चोरून मागो. नेहेते काकांना फोनवर ही अट कळवली तर ते खूष झाले. "आमच्याकडे तो प्रकारच नाही! पंचाण्णवच्या ग्रहणात मी चौकात उभा राहून लोकांना भजी खायला घातलीत, विचारा कुणालाही." त्या वाक्यावर मी इथवर आले होते. पराग मला आवडला होता. तो जनावरांचा डॉक्टर होता, कमी बोलायचा, आणि समोरचा बोलत नसेल तरी अस्वस्थ व्हायचा नाही. मनातून माझं उत्तर जवळजवळ ठरलं होतं.

"बघते," मी म्हणाले आणि बशी आईकडे दिली.

संगणकाला जाळीचा रुमाल पांघरलेला होता, तो पराग घाईघाईनं घडी करू लागला. काकांनी स्वतः खुर्ची ओढली आणि मागे हात बांधून उभे राहिले, साहेब पाहणीला आल्यासारखे.

"गेम कसला आहे?"

"गाड्यांचा," काका म्हणाले. "यार्ड असतं. गाड्या येतात, त्यांना फलाट द्यायचा, सिग्नल द्यायचा, कुणी कुणावर आदळता कामा नये. परागनं मला निवृत्तीला दिला. मी आता शेवटच्या यार्डात आहे. घाटाखालचं यार्ड. भारी अवघड."

"गेम बंद पडल्यापासून हे माझ्या स्वयंपाकघराचं टाइमटेबल करायला लागलेत," काकू आतून म्हणाल्या. "परवा मला विचारतात, वरणाला शिट्टी इतकी उशिरा का? त्या पोरीला म्हणावं, तेवढं चालू कर बाई, माझी सुटका कर."

मी गेमच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. पडदा काळा झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि पुन्हा आधीचा पडदा आला. चूक काय झाली याचा एक शब्दही नाही.

"असंच," काका म्हणाले. "गाडी सुटते, स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलपाशी येते आणि परत."

मी पत्त्यांचा गेम उघडून पाहिला. तो चालला. म्हणजे पडदा, माउस ठीक. आवाजाची एक फाइल वाजवली. तीही वाजली.

"आजारी फक्त गेमच आहे," मी म्हणाले.

"मीही तसंच तपासलं असतं," पराग म्हणाला. "पण मला शेपटीकडून सुरुवात करायची सवय आहे."

मला हसू आलं. आईनं आमच्याकडे पाहिलं आणि एक घास पोहे खाल्ले.

"नवीन काही बसवलं का यावर? दुसरा गेम, दुसरं काही?"

काका खिडकीबाहेर पाहत होते. "ही नागपूरकडची. उशीर आहे आज," ते म्हणाले. बाहेरून एक गाडी धडधडत गेली. ती पूर्ण जाईपर्यंत कुणी बोललं नाही, आणि ती गेल्यावर माझा प्रश्नही तिच्याबरोबर गेला होता.

पुन्हा घातलेला गेम तरी नीट उतरलाय का, हे पाहायला मी त्याचं फोल्डर उघडलं. सगळं जागेवर दिसत होतं. मग विचार आला, गेमला इथे काही लिहिताच येत नसेल तर? सुरू होताना बरेच गेम आपली नोंद करतात. तपासायला सोपं होतं. मी त्याच फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल तयार केली, तिच्यात 'test' एवढाच शब्द टाइप केला आणि ठेवली. ठेवली गेली. लिहिता येत होतं. आता ती नुकतीच केलेली फाइल यादीत सगळ्यात वर दिसावी म्हणून मी यादी तारखेप्रमाणे लावली.

माझी फाइल वर नव्हती.

ती सगळ्यात खाली होती. गेम बनवणाऱ्यांच्या फायलींच्या, सगळ्यांच्या खाली. तिच्यासमोर तारीख होती: २० नोव्हेंबर १९८१.

मी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. ते बरोबर होतं. माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी मिनिट न् मिनिट जुळत होतं. कोपऱ्यात फक्त तास आणि मिनिटं दिसतात, तारीख दिसत नाही. मी त्या घड्याळावर माउस नेला. २० नोव्हेंबर १९८१.

"सापडलं?" काका पुढे झुकले.

"या संगणकाला वाटतंय की हे एक्क्याऐंशी साल आहे. गेमच्या परवान्याला मुदत असते. घड्याळ मागे गेलेलं दिसलं की तो समजतो, कुणीतरी फसवतंय, आणि सुरू होत नाही."

"बॅटरी गेली असेल," पराग म्हणाला. "आत एक लहान बॅटरी असते ना?"

"ती गेली तर वेळही चुकते. वेळ अचूक आहे. फक्त तारीख चुकली आहे."

हे बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. वेळ बिघडवून पुन्हा नीट लावणारा, आणि ती मनगटाकडे पाहून मिनिटावर आणणारा माणूस. पण जे कोपऱ्यात दिसत नाही ते विसरणारा. असा माणूस त्या खोलीत एकच होता.

आणि ती तारीख मला माहीत होती. आमच्या घरी देवघराशेजारी एक फोटो आहे: पाळणा, पाळण्याभोवती बायका, आणि खाली बाबांच्या वळणदार अक्षरात, 'चि. उल्काचे बारसे, २० नोव्हेंबर १९८१.' बाबा भूगोलाचे शिक्षक होते. मी जन्मले त्या पहाटे दवाखान्याकडे सायकल हाणताना त्यांना आकाशातून काहीतरी जळत जाताना दिसलं, म्हणून हे नाव. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

"काका, गेम नक्की कधीपासून बंद आहे?"

"गेल्याच्या गेल्या बुधवारपासून. बुधवारी ही भजनी मंडळात जाते, म्हणून लक्षात आहे."

संगणक बंद असला तरी आतलं घड्याळ चालत राहतं. त्या बुधवारी कुणीतरी तारीख बदलली, आणि तेव्हापासून ती एकेक दिवस पुढे आली होती. मी उलटे दिवस मोजले. बारसं बाराव्या दिवशी असतं, मोजायला फारसं काही नव्हतं. त्या बुधवारी या संगणकाला कुणीतरी माझी जन्मतारीख दिली होती.

जन्मतारीख फक्त एकाच कामाला लागते.

मी हात मांडीवर घेतले. तारीख बदलायला दोन टिचक्या पुरल्या असत्या. गेम सुरू झाला असता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आम्ही भरीत खाऊन नाशिकला गेलो असतो आणि मी आईला सांगितलं असतं, नाही म्हणून कळव. कारण विचारू नकोस. मी आजवर असंच करत आले होते. पण परागनं रुमालाची घडी करून ती नीट टेबलावर ठेवली होती आणि आता तो माझ्याकडे पाहत होता, काहीतरी दुखतंय हे आधी ओळखणाऱ्या माणसासारखा.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही माझी पत्रिका मांडलीत?"

आतला ठेचण्याचा आवाज थांबला.

"मी?" काका म्हणाले. "मी कशालाही हात..."

आणि ते तिथंच थांबले. आयुष्यभर खरं लिहिलेल्या माणसाला ते वाक्य पुरं करता येईना. त्यांचे कान लाल झाले.

"अण्णा?" पराग उठून उभा राहिला. "तुम्ही त्यांना शब्द दिला होता. माझ्यासमोर फोनवर दिला होता."

"दिला होता."

"ग्रहणाची भजी सांगितली होतीत."

"ती खरी होती रे."

पराग माझ्याकडे वळला. "मला यातलं काही माहीत नव्हतं. पण त्यानं तुमच्या अटीत फरक पडत नाही, हे मला कळतं. तुम्ही म्हणाल तर मी आत्ता तुम्हाला स्टेशनवर सोडतो. दुपारची गाडी मिळेल."

"गाडी सव्वादोनची आहे," काका खालच्या आवाजात म्हणाले. "पण लेट असते."

"अण्णा, गप्प बसा!"

मी आईकडे पाहिलं. ती मुकाट्यानं माझ्या बशीतले पोहे खात होती. तिची स्वतःची बशी केव्हाच संपली होती. मी तिला ओळखत होते.

"आई, वेळ कुणी दिली यांना?"

"मी नुसती फोनवर बोलता बोलता..." आई म्हणाली. "यांनी विचारलं, पोरगी कुठल्या वेळेची? मी म्हटलं पहाटेची. बायका बोलतातच ना."

"सहा दहा म्हणालात तुम्ही, ताई," काकू दारात येऊन म्हणाल्या. हाताला भरीत होतं, पदर खोचलेला. "पहाटे सहा दहा. आता सगळं बाहेर आलंच आहे तर नीट येऊ द्या. मी विचारलं होतं. यांचा विश्वास नाही, माझा आहे. थोडा आहे. मला झोप येत नव्हती. माझ्या बहिणीचं असंच न बघता केलं आणि तिचं काय झालं ते मलाच माहीत. मी यांना म्हटलं, एकदा बघा फक्त, कुणाला सांगू नका."

"मग?" मी विचारलं.

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "शेजारच्या जोशांकडे पत्रिकेचा एक प्रोग्रॅम होता, तो आणला. पण तो फुकटातला, अर्धवट. फक्त आत्ताच्या वेळेची कुंडली मांडतो. मग मी म्हटलं, आपण 'आत्ता'च बदलू. संगणकाचं घड्याळ तुमच्या जन्मावर नेलं."

मला ती युक्ती आवडली, आणि आवडली याचा रागही आला.

"आणि आली ना एकनाड?"

"आली."

तिसऱ्यांदा तेच. मी उठायला लागले.

"पण मी ती काढली," काका म्हणाले.

"काढली म्हणजे?"

"वेळ सरकवली. तासभर पुढे नेली, तरी तेच. आणखी तासभर. तरी चंद्र जागचा हलेना. असं करत करत दुपारी बाराला आणून सोडला, तेव्हा कुठं तो पुढच्या नक्षत्रात शिरला. एकनाड गेली, छत्तीसातले अठ्ठावीस गुण. मग ते छापून हिच्या हातात दिलं. घड्याळ पुन्हा बरोबर लावलं. तारीख..." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तारीख राहिली."

"तुम्ही मला पाच-सहा तास उशिरा जन्माला घातलंत," मी म्हणाले.

"गाडी लेट झाली म्हणून रद्द करतात का कुणी?" काका एकदम कळवळून म्हणाले. "तुमच्यासारखी मुलगी... माझं घड्याळ दीड मिनिट मागे आहे असं मला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच दिवशी हिला म्हटलं, ही मुलगी आपल्या घरात आली पाहिजे. मग त्या चंद्रासाठी सोडून देऊ?"

"काका, रीडिंग मनासारखं येईना म्हणून तुम्ही यंत्र हलवलंत. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी माणसाला घरी पाठवतात."

"मान्य," काका म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. "चार्जशीट द्या."

"बरं, आता माझंही ऐका," काकू म्हणाल्या. "यांना वाटतं मी फसले. ताईंनी मला सहा दहा सांगितलं होतं. यांनी आणलेल्या कागदावर बारा वाजून पाच. मला काय वाचता येत नाही?"

काकांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"बघितल्याबरोबर. या माणसानं उभ्या जन्मात कुठल्या वहीत एक मिनिट खोटं लिहिलं नाही. दहा मिनिटं गाडी अडवली म्हणून स्वतःच्या साहेबाचं नाव लिहिलं आणि बदली ओढवून घेतली. तो माणूस अख्खी दुपार बसून एका मुलीसाठी चंद्र ढकलत होता." काकूंनी पदरानं कपाळ पुसलं, कपाळाला भरीत लागलं. "मी म्हटलं, छान जुळते आहे. आणि त्या रात्री गाढ झोपले. एवढी हवीशी मुलगी असेल तर आणखी काय बघायचं? एकनाड तर एकनाड. मला नक्षत्राचं कळत नाही एवढं, नवऱ्याचं कळतं."

मी उभी होते ती तशीच उभी राहिले. राग कुठं ठेवला होता ते सापडेना. परागकडे पाहिलं तर तो ओठ घट्ट मिटून भिंतीकडे पाहत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

त्याच वेळी आईनं बशी खाली ठेवली आणि घसा खाकरला.

"आता सगळेच सांगताहेत तर... ते सहा दहासुद्धा काही खरं नाही."

"म्हणजे?" सगळेच म्हणालो.

"अगं, दवाखान्यातलं घड्याळ बंद होतं. भिंतीवर होतं, पण सहा दहावर थांबलेलं. मी दोन दिवस तिथं होते, सकाळी बघा, संध्याकाळी बघा, आपलं सहा दहा. तुझे बाबा पोचले तोवर तू झालीच होतीस. नर्सनं कागदावर काहीतरी लिहायला हवं म्हणून वर बघितलं आणि लिहिलं."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"कुणी विचारलं का? सगळे पत्रिका बघत होते. घड्याळाचं कुणी विचारलंच नाही."

"आई, मला दोन घरांनी नाकारलं! बंद घड्याळावरून!"

"हो ना," आई म्हणाली. "तुझंच काम आहे ते, यंत्रं तपासायचं. तूही कधी विचारलं नाहीस."

आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. बहुधा मीच असेन, कारण आई दचकल्यासारखी माझ्याकडे बघत होती. बाबा गेल्यापासून तिनं मला असं हसताना पाहिलं नव्हतं. पराग टेबलाला धरून खाली बसला. काकू दाराच्या चौकटीला टेकल्या. काकांना आपण हसावं की नाही हे बराच वेळ कळत नव्हतं, शेवटी त्यांचंही सुटलं, आणि हसता हसता ते म्हणाले, "म्हणजे माझी दुपारी बाराची वेळसुद्धा..."

"तेवढीच बरोबर आणि तेवढीच चूक," मी म्हणाले. "बसा खुर्चीत. तारीख तुम्ही लावायची. स्वतःच्या हातानं."

ते बसले. चष्मा पुसला. महिना बदलला, वर्ष बदलायला लागले. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, एकेक वर्ष मोठ्यानं म्हणत, स्टेशनं म्हणावीत तसं. आई मध्येच "उल्का शाळेत गेली" म्हणाली. पुढे "दहावी झाली." दोन हजार तीन आलं तेव्हा ती काही बोलली नाही, आणि काकाही ते वर्ष हळू म्हणाले. मग दोन हजार सहा. फेब्रुवारी. आजचा रविवार.

"करा आता सुरू."

पडदा काळा झाला. क्षणभर तसाच राहिला. मग एक लांब शिट्टी वाजली आणि घाटाखालचं यार्ड उजळलं. रूळ, लाल-हिरवे ठिपके, आणि चारी बाजूंनी येणाऱ्या इवल्या इवल्या गाड्या. काकांनी "सुटली!" अशी आरोळी ठोकली, की बाहेर रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघायला लागला.

काकू हात न धुता येऊन उभ्या राहिल्या. आईनंही खुर्ची ओढली. काका दोन गाड्यांना फलाट देऊन तिसरीला सिग्नल देणार तेवढ्यात घाटावरून चौथी उतरायला लागली.

"इथंच अडतं," ते म्हणाले. "दर वेळी. ही खाली आली की जागाच उरत नाही. मेलला आधी काढलं तर ही आदळते, हिला घेतलं तर मेल खोळंबते."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. ते तिन्ही गाड्या हलवून पाहत होते. जी मघापासून मधल्या रुळावर नुसती उभी होती, तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मालगाडी मागे घ्या, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मालगाडी मागे घेतली. मधला रूळ मोकळा झाला. घाटावरची गाडी डुलत खाली आली, मेल शिट्टी देऊन निघून गेली, एकही गाडी कुठं आदळली नाही. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडायला लागला. शेवटचं यार्ड सुटलं होतं.

पण कुणीच ओरडलं नाही. मी मागे वळून पाहिलं. काका पडद्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. परागही. काकूंनी भरताचा हात तोंडावर धरला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले. "तू आत्ता यांना अण्णा म्हणालीस."

सव्वादोनची गाडी आम्ही सोडली. भरीत होतं, पुऱ्या होत्या, विहीर बघायची राहिली होती. जेवताना मी सगळ्यांना माझ्या बारशाच्या फोटोवरची तारीख सांगितली, सकाळी संगणकात होती तीच.

मे महिन्यात लग्न झालं. परागनं ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा गुरुजींनी विचारलं, "मुलीचं नाव काय ठेवताय? उल्का म्हणजे जरा... लक्ष्मीवरून एखादं बघू या का?"

"नाव तेच," अण्णा मागून म्हणाले. "बारसं झालंय. आमच्या घरीच झालं."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. परागनं तांदळात दोन अक्षरं लिहिली आणि 'ल्का' जरा मोठा काढला, जागा उरली होती म्हणून.

तो संगणक केव्हाच मोडीत गेला. त्यानंतर घरात तीन संगणक आले. दर वेळी अण्णा जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घेतात आणि शेजारी उभे राहून बघतात. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, हात कापतो, यार्डात गाड्या आदळतात, तरी खेळतात. माझी मुलगी मागच्या सुट्टीत त्यांचा संगणक साफ करत होती. तिनं यादी तारखेप्रमाणे लावली आणि हाक मारली, "आबा, ही एक फालतू फाइल आहे, सगळ्यात खाली. आत नुसतं 'test' लिहिलंय. काढून टाकू?"

अण्णांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या बारशाची आहे ती."